बावीस वर्षांचा कारभारी नकोसा होतो तेव्हा…

फुटबॉलचा संघ हरू लागला की पहिली मागणी होते ती मॅनेजरला नारळ देण्याची. लंडनच्या आर्सेनल क्लबच्या चाहत्यांत हा वाद इतका पेटला की एकाच घरातले बापलेक दोन तटांत गेले. कोण बरोबर होतं आणि पुढे काय झालं?

१८ मार्च २०१७. इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमविचचं मैदान. यजमान संघाची गाठ लंडनच्या बलाढ्य आर्सेनलशी पडली आहे. खेळ रंगात असताना डोक्यावर घरघर ऐकू येते. एक छोटं विमान मैदानावर घिरट्या घालतंय आणि त्याच्या मागे लांबलचक फलक फडफडतोय: करार वाढवू नका, वेंगरना घालवा! लोक माना वर करून वाचतात न वाचतात तोच दुसरं विमान हजर. त्याच्या फलकावर लिहिलंय: आर्सेनवर आमचा विश्वास आहे!

गंमत म्हणजे ही दोन्ही विमानं प्रतिस्पर्ध्यांनी पाठवली नव्हती. दोन्हींचं भाडं भरणारे आर्सेनलचेच चाहते होते. ज्याच्यावरून आभाळात ही लढाई जुंपली, तो माणूस खाली मैदानाच्या कडेला उभा राहून आपला संघ ३-१ असा हरताना बघत होता. त्याचं नाव आर्सेन वेंगर. वय ६७. या क्लबचा मॅनेजर म्हणून त्याचं हे एकविसावं वर्ष चाललं होतं.

खेळाडूंपेक्षा मॅनेजरवर एवढी चर्चा कशासाठी, असा प्रश्न क्रिकेटवेड्या वाचकाला पडेल. आपल्याकडे संघ हरला की कप्तानाच्या नावानं खडे फोडले जातात. फुटबॉलमध्ये मात्र डाव रचणारा माणूस मैदानाबाहेर असतो. कोलकात्याच्या जुन्या फुटबॉलप्रेमींना १३ जुलै १९९७ ची फेडरेशन कपची उपांत्य लढत आठवत असेल. ईस्ट बंगाल आणि मोहन बागानचा तो सामना बघायला सॉल्ट लेक स्टेडियमवर १ लाख ३१ हजार माणसं लोटली होती. बागानचे अमल दत्त आणि ईस्ट बंगालचे पी. के. बॅनर्जी या दोन गुरूंपैकी कुणाची विद्या श्रेष्ठ, यावर आठवडाभर आधीपासून वाद झडत होते. ईस्ट बंगालनं ४-१ अशी बाजी मारली, बायचुंग भूतियानं गोलांची हॅट्ट्रिक केली, पण चर्चा अमलदांच्या डायमंड पद्धतीच्या पराभवाचीच झाली!

इंग्लंडमध्ये तर पूर्वापार मॅनेजर म्हणजे घरचा कर्ता पुरुष. कुणाला खेळवायचं, कुणाला विकायचं, कुणाला विकत घ्यायचं, खेळाडूंनी जेवायचं काय, सगळ्यात त्याचा शब्द. साहजिकच यश त्याचं आणि अपयशही त्याचंच.

चॉकलेट बंद, उकडलेली मासळी सुरू

वेंगर आर्सेनलमध्ये आले ते १९९६ च्या ऑक्टोबरात. फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गचा जन्म, अर्थशास्त्राची पदवी, आईवडिलांचं गावात छोटं उपाहारगृह. मॅनेजर म्हणून मोनॅकोला १९८८ साली फ्रेंच विजेतेपद मिळवून दिलेलं, पण लंडनला आले ते थेट जपानमधल्या नागोयाच्या क्लबातून. चष्मा लावणारा, मास्तरांसारखा दिसणारा हा परदेशी माणूस कोण, असा प्रश्न तिथल्या वर्तमानपत्रांनी उघडउघड विचारला होता.

उत्तर लवकरच मिळालं. त्या काळी इंग्लिश खेळाडूंना सामन्याआधी चॉकलेट खाण्याची आणि सामन्यानंतर बिअर ढोसण्याची सवय होती. वेंगरनी त्यांच्या ताटात उकडलेली मासळी, वाफवलेल्या भाज्या आणि पास्ता आणला. सरावाआधी अंग मोकळं करणारे व्यायाम सक्तीचे केले. सुरुवातीला खेळाडू बसमध्ये ‘आमचं चॉकलेट परत द्या’ म्हणून कोरस धरायचे! पण थकलेभागले वाटणारे तिशीपुढचे बचावपटू जेव्हा पुन्हा तरुणासारखे पळू लागले, तेव्हा कुरकुर आपोआप थांबली.

१९९८ मध्ये आर्सेनलनं साखळी स्पर्धेचं विजेतेपद आणि एफए कप असे दोन्ही मान पटकावले. २००२ मध्ये पुन्हा तसंच. आणि २००३-०४ च्या हंगामात तर कमालच झाली. ३८ सामने, २६ विजय, १२ बरोबरी आणि पराभव शून्य! इंग्लंडच्या सर्वोच्च साखळीत अख्खा हंगाम न हरण्याचा पराक्रम त्याआधी फक्त प्रेस्टननं केला होता, तोही १८८८-८९ साली, जेव्हा सामने होते अवघे २२. आर्सेनलची ही अपराजित घोडदौड पुढल्या हंगामातही चालू राहिली आणि ४९ सामन्यांनंतर ऑक्टोबर २००४ मध्ये मॅन्चेस्टर युनायटेडनं ती रोखली.

पैशाच्या बाबतीतही माणूस काटकसरी. निकोला अनेल्का नावाचा पोरगा त्यांनी पाच लाख पौंडांत आणला आणि १९९९ साली रेआल माद्रिदला सव्वादोन कोटी पौंडांच्या आसपास विकला. क्लबचं नवं सरावकेंद्र उभं राहिलं ते याच पैशाच्या जोरावर. असा कारभारी कुणाला नको असेल?

नवं घर, जुनं कर्ज

इथून पुढे कथेला वळण लागतं. आर्सेनलचं हायबरी हे मैदान १९१३ पासूनचं. जेमतेम ३८ हजार माणसं मावायची. मॅन्चेस्टर युनायटेडच्या मैदानात याच्या जवळपास दुप्पट प्रेक्षक बसायचे, म्हणजे तिकिटांचं उत्पन्नही तसंच. तेव्हा क्लबनं जवळच साठ हजार प्रेक्षकांचं एमिरेट्स स्टेडियम बांधायला घेतलं. खर्च सुमारे ३९ कोटी पौंड. २००६ मध्ये नवं घर झालं आणि हप्ते सुरू झाले.

घर बांधणाऱ्या माणसाला हप्त्याचं दुखणं वेगळं सांगायला नको. नेमकी त्याच सुमाराला दोन श्रीमंत बिऱ्हाडं आळीत राहायला आली. रशियन अब्जाधीशानं २००३ मध्ये चेल्सी घेतलं आणि अबूधाबीच्या शेखनं २००८ मध्ये मॅन्चेस्टर सिटी. ते दोघं पैशांचा पाऊस पाडत असताना आर्सेनल मात्र आपले मोहरे विकत होतं. थिएरी ऑन्री २००७ मध्ये बार्सिलोनाला गेला, सेस्क फाब्रेगास २०११ मध्ये त्याच वाटेनं, आणि २०१२ मध्ये तर रॉबिन व्हान पर्सी थेट वैऱ्याच्या म्हणजे मॅन्चेस्टर युनायटेडच्या दारात. पहिल्याच वर्षी त्यानं युनायटेडला विजेतेपद मिळवून दिलं, हे दुखणं आणखी वेगळं.

या ओढाताणीतही वेंगरनी एक गोष्ट सांभाळली. १९९७ ते २०१६ अशी सलग वीस वर्षं संघ पहिल्या चारांत राहिला. चौथा क्रमांक म्हणजे युरोपातल्या चॅम्पियन्स लीगचं दार उघडं, आणि ते दार उघडं म्हणजे तिजोरीत भर. पण २००५ च्या एफए कपनंतर २०१४ पर्यंत कपाटात एकही नवा करंडक आला नाही. बँकेचे हप्ते वेळेवर भरले म्हणून कुणी मिरवणूक काढत नाही!

एक छत, दोन तट

चाहत्यांत पहिली ठळक फूट पडली ती ऑगस्ट २०११ मध्ये. मॅन्चेस्टर युनायटेडनं आर्सेनलचा ८-२ असा धुव्वा उडवला. त्या दिवशी लंडनहून गेलेल्या चाहत्यांना क्लबनं भरपाई म्हणून पुढच्या एका परगावच्या सामन्याचं तिकीट फुकट दिलं. मार्च २०१४ मध्ये वेंगर यांचा हजारावा सामना आला, आणि त्याच दिवशी चेल्सीनं ६-० अशी धूळ चारली. दोन महिन्यांत एफए कप जिंकून त्यांनी उपवास सोडला खरा, तोही अंतिम सामन्यात हलविरुद्ध ०-२ असा मागे पडल्यावर ३-२ नं. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्टोकहून परतताना रेल्वेच्या फलाटावर आपल्याच चाहत्यांनी या साठी ओलांडलेल्या माणसाची हुर्यो उडवली.

जायलाच हवं म्हणणाऱ्यांचा मुद्दा सरळ होता. कर्जाचं कारण एकेकाळी खरं होतं, पण २०१३ नंतर क्लबनं ओझिल आणि सांचेझसारखे महागडे खेळाडू घेतले. मग आता अडलं कुठं? २०१६ मध्ये बड्या संघांनी एकजात माती खाल्ली तेव्हा विजेतेपद कुणी नेलं? लेस्टरनं! सट्टेबाजांनी ज्याला पाच हजारास एक असा भाव दिला होता, त्या लेस्टरनं! आर्सेनल दहा गुणांनी मागे, दुसरं. आता नाही तर कधी जिंकणार? त्यात इथली तिकिटं इंग्लंडमधल्या सर्वांत महागड्या तिकिटांपैकी. हंगामाच्या पासाला हजार पौंडांच्या घरात पैसे मोजणाऱ्या माणसानं दरवर्षी त्याच चुका का बघायच्या? उपकार मान्य, पण उपकाराचे हप्ते किती वर्षं फेडायचे?

राहू द्या म्हणणाऱ्यांचंही म्हणणं पोकळ नव्हतं. तीन विजेतेपदं, देखणा खेळ, कर्जातून बाहेर काढलेला क्लब. याहून अधिक काय हवं? वेंगर येण्याआधीच्या हंगामात संघ पाचवा होता आणि त्याआधीच्या हंगामात बारावा, हे पोरांना कुणी सांगायचं? शिवाय यांना काढून आणणार कुणाला? गाडी चालतेय, ती थांबवून चालक उतरवला आणि नवा मिळालाच नाही तर? काही जण तर म्हणत, खरा दोष अमेरिकन मालक स्टॅन क्रोंके यांचा. ते पैशाची थैली सैल सोडत नाहीत आणि शिव्या खातो मॅनेजर.

३० एप्रिल २०१६ रोजी नॉरिचविरुद्धच्या सामन्यात बाराव्या आणि अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला शेकडो चाहत्यांनी बदलाची मागणी करणारे कागद हातात धरले. बारावं मिनिट का? तर विजेतेपदाला बारा वर्षं झाली म्हणून. त्यावर स्टेडियममधल्या बाकीच्यांनी उत्तर दिलं ते वेंगर यांच्या नावाचं गाणं म्हणून. सामना चालू राहिला आणि एकाच रंगाचा शर्ट घातलेली माणसं एकमेकांवर आवाज चढवत राहिली.

२०१७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बायर्न म्युनिकनं दोन सामन्यांत मिळून १०-२ असा फडशा पाडला आणि बांध फुटला. स्टेडियमवर मोर्चा निघाला. ‘वेंगर आउट’ हे दोन शब्द जगभर पसरले. अमेरिकेतल्या कुस्तीच्या आखाड्यात हा फलक दिसला. त्या नोव्हेंबरात झिम्बाब्वेच्या हरारेमध्ये रॉबर्ट मुगाबेंच्या विरोधात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा त्या गर्दीतही कुणीतरी ‘वेंगर आउट’ची पाटी घेऊन उभा होता! हुकूमशहाला हटवण्याची घाई समजू शकते, पण फुटबॉलच्या मॅनेजरला?

राग खुर्चीवरच का?

या प्रश्नाचं उत्तर चाहत्याच्या अडचणीत आहे. साबण आवडला नाही तर माणूस दुसरा साबण घेतो. क्लब असा बदलता येत नाही. तो बापाकडून मुलाकडे येतो, आडनावासारखा. मालकाकडे शेअर असतात, त्याला कोण हलवणार? खेळाडूंचे करार असतात, पंचवीस जणांना एका रात्रीत घरी पाठवता येत नाही. उरतो एकच माणूस, ज्याची खुर्ची सकाळच्या एका पत्रकानं रिकामी करता येते. म्हणून सगळ्या तक्रारी, मग त्या तिकिटाच्या किमतीच्या असोत वा मालकाच्या कंजूषपणाच्या, फिरून त्याच खुर्चीपाशी येतात.

बरं, खुर्चीतला माणूस बदलल्यानं संघ सुधारतो का? नेदरलँड्सचे अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी तिथल्या साखळी स्पर्धेच्या १९८६ ते २००४ या काळातल्या निकालांचा अभ्यास केला. मॅनेजरला काढल्यावर संघ सावरतात, हे त्यांना दिसलं. पण तितक्याच घसरणीत सापडून ज्यांनी मॅनेजर बदलला नाही, ते संघही तसेच सावरले होते! आपल्याकडे म्हणतात ना, औषध घेतलं तर सर्दी सात दिवसांत जाते, नाही घेतलं तर आठवड्यानं. तसलाच हा प्रकार. जखमी खेळाडू बरे होतात, अवघड सामने संपतात, फिरलेलं नशीब पुन्हा फिरतं. हकालपट्टी मात्र ऐन तळाशी असताना होते, त्यामुळे पुढच्या चढणीचं श्रेय नव्या माणसाला मिळतं.

धीर धरण्याचा सर्वांत गाजलेला दाखला मॅन्चेस्टर युनायटेडचा. १९८९ च्या डिसेंबरात अॅलेक्स फर्ग्युसन यांना निरोप देणारा फलक त्यांच्याच मैदानात झळकला होता. तीन वर्षं नुसत्या सबबी ऐकल्या, आता राम राम, असा त्याचा मथितार्थ. क्लबनं तो मनावर घेतला नाही. पुढे २०१३ पर्यंत या गृहस्थांनी १३ साखळी विजेतेपदांसह ३८ करंडक जिंकले!

पण धीराची पोथी वाचून प्रत्येक वेळी पुण्य लाभतंच असं नाही. ज्या लेस्टरनं २०१६ मध्ये चमत्कार केला, त्यांनीच नऊ महिन्यांनी मॅनेजर क्लाउदिओ रानिएरी यांना काढलं, तेव्हा जगानं कृतघ्न म्हणून त्यांना शिव्या घातल्या. संघ तेव्हा घसरणीच्या काठावर होता. नंतरचे साखळीतले लागोपाठ पाच सामने जिंकून तो बारावा आला. चेल्सीनं तर २०१२ आणि २०२१ या दोन्ही वर्षी हंगामाच्या मध्यातच मॅनेजर बदलला आणि दोन्ही वेळा युरोपचं विजेतेपद नेलं. तेव्हा बदलू नकाच, हाही मंत्र नव्हे.

गेले, आणि मग?

वेंगर यांनी मे २०१७ मध्ये सातव्यांदा एफए कप जिंकला आणि लगेच दोन वर्षांचा नवा करार केला. पण साखळीत संघ पाचवा आला होता. वीस वर्षांची पहिल्या चारांतली परंपरा तुटली होती. पुढच्या हिवाळ्यात निषेधाचे फलक कमी झाले आणि त्याहून वाईट दृश्य दिसू लागलं: रिकाम्या खुर्च्या. पैसे भरलेले लोकही येईनासे झाले. भांडण चालू आहे तोवर जिव्हाळा असतो, अबोला सुरू झाला की समजावं, आता संपलं. २० एप्रिल २०१८ रोजी, करार वर्षभर शिल्लक असताना, वेंगर जाणार असल्याचं जाहीर झालं.

आणि काय नवल, दोन्ही तट एका रात्रीत एक झाले! ६ मे रोजी घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात आर्सेनलनं बर्नलीला ५-० नं हरवलं. प्रेक्षकांच्या अंगात वेंगरना धन्यवाद देणारे टी-शर्ट होते. मैदानात उभं राहून त्यांनी बोलायला सुरुवात केली ती आदल्याच दिवशी मेंदूतल्या रक्तस्रावामुळे इस्पितळात दाखल झालेल्या फर्ग्युसन यांना शुभेच्छा देऊन. आयुष्यभर ज्याच्याशी उभा दावा मांडला, त्याच्यासाठी! एकूण १,२३५ सामन्यांचा संसार त्या आठवड्यात आवरला गेला.

मग ‘वेंगर आउट’वाल्यांना हवं ते मिळालं का? नवे प्रशिक्षक उनाई एमरी यांच्या पहिल्या हंगामात संघ पाचवा आला. नोव्हेंबर २०१९ मध्ये, लागोपाठ सात सामने विजय न मिळाल्यावर, त्यांनाही नारळ. वेंगर यांचाच जुना कप्तान मिकेल आर्तेता डिसेंबरात खुर्चीवर बसला. २०२० चा एफए कप त्यानं आणला, पण साखळीत २०२० मध्ये आठवा आणि २०२१ मध्ये पुन्हा आठवा क्रमांक. वेंगर यांच्या बावीस वर्षांत संघ सहाव्याच्या खाली कधी गेला नव्हता!

कारण उघड होतं. वेंगर गेले म्हणजे एक माणूस गेला नव्हता. खरेदी, विक्री, करार, सराव, सगळ्याच्या किल्ल्या एकाच जुडग्यात होत्या आणि ते जुडगं कुणाला द्यायचं, हे क्लबनं बावीस वर्षांत ठरवलं नव्हतं. मॅन्चेस्टर युनायटेडमध्येही हेच घडलं. फर्ग्युसन यांच्या जागी आलेल्या डेव्हिड मोएस यांना सहा वर्षांचा करार दिला गेला आणि दहा महिन्यांत निरोप. त्यानंतर एकामागून एक मॅनेजर येऊन गेले, पण २०१३ ते २०२५ या बारा हंगामांत साखळीचं विजेतेपद काही परत आलं नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये पहिले तिन्ही सामने हरून, एकही गोल न करता आर्सेनल गुणतक्त्याच्या तळाशी गेलं, तेव्हा ‘आर्तेता आउट’चा गजर झालाच. या वेळी मात्र मालकांनी एक गोष्ट वेगळी केली. नवा माणूस शोधण्याऐवजी आहे त्याला कोवळे खेळाडू आणि वेळ दिला. त्याच हंगामात संघ पाचवा आला आणि २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं दुसरा. मग चाहत्यांत नवा वाद निघाला: दुसरं येण्यावर किती वर्षं समाधान मानायचं?

मागे वळून पाहिलं तर ध्यानात येतं की दोन्ही तट आपापल्या जागी खरं बोलत होते, फक्त प्रश्न वेगळे होते. एक तट विचारत होता, या माणसानं आपल्यासाठी काय केलं? दुसरा विचारत होता, उद्या आपलं काय होणार? पहिल्याचं उत्तर कृतज्ञतेनं द्यायचं असतं, दुसऱ्याचं तयारीनं. क्लबनं तयारी केली नाही, म्हणून चाहत्यांना कृतज्ञता आणि भविष्य यांपैकी एकाची निवड करावी लागली. नाहीतर दोन्ही एका घरात सुखानं नांदू शकतात.

वेंगर यांनी पुन्हा कुठल्या क्लबची खुर्ची घेतली नाही. जगभरच्या फुटबॉलच्या विकासाची जबाबदारी त्यांनी २०१९ मध्ये फिफासाठी स्वीकारली. त्याच कामासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये ते भुवनेश्वरला आले आणि भारतीय मुलांच्या फुटबॉल अकादमीचं उद्घाटन करून गेले. त्याच वर्षीच्या जुलैत एमिरेट्स स्टेडियमबाहेर त्यांचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. दोन्ही हातांनी करंडक डोक्यावर उंच धरलेला. सामन्याच्या दिवशी त्याच्या पायथ्याशी लोक मुलांचे फोटो काढतात. त्यांतल्या कुणी एकेकाळी ‘वेंगर आउट’ची पाटी धरली होती आणि कुणी त्यांच्या नावाचं गाणं म्हटलं होतं, हे आता फोटो बघून ओळखता येत नाही.